निर्देशांक गाइडमधून नको, बाजारातून येऊ द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की बारावीच्या प्रकल्पवह्यांचे दिवस सुरू होतात. राज्य मंडळाच्या अर्थशास्त्राच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे असतात आणि २० ज्युनिअर कॉलेजच्या हातात असतात. या २० गुणांसाठी बहुतेक ठिकाणी काय होते हे शिक्षकांना, पालकांना आणि गाइड छापणाऱ्यांनाही ठाऊक आहे. एका वहीतला मजकूर दुसरीत उतरतो. आधीच्या विद्यार्थ्याने कांद्याचा भाव चुकीचा लिहिला असेल तर तो चुकीचाच भाव वर्गभर फिरतो, मक्षिकास्थाने मक्षिका. आता वहीऐवजी फाइल आली, लिंक आली, व्हॉट्सॲपचा गट आला. पण काम तेच राहिले तर नक्कल फक्त लवकर होते, बाकी काही बदलत नाही.

तरीही गूगल शीटसारखी, अनेकांनी मिळून भरायची साधने अर्थशास्त्राच्या वर्गात यायलाच हवीत असे आमचे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी एक अट पाळावी लागते. प्रत्येक विद्यार्थ्याने त्या शीटमध्ये असा एक आकडा आणला पाहिजे जो दुसऱ्या कोणाकडेच नाही. ही अट ज्या धड्यात सहज पाळता येते तो बारावीचा ‘निर्देशांक’ हा धडा. निर्देशांक म्हणजे पायाभूत काळातले भाव १०० धरून आजचे भाव किती झाले हे सांगणारा आकडा. म्हणून हे पत्र त्याच धड्याभोवती लिहीत आहोत.

निर्देशांक हे मुळातच एकट्याने करायचे काम नाही. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मालिकेसाठी सरकारी कर्मचारी देशभरातल्या १,११४ शहरी बाजारांतून आणि १,१८१ गावांतून ठरलेल्या वस्तूंचे भाव गोळा करत. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा बाजार पाहायचा, ठरलेल्या नमुन्याचा माल बघून भाव लिहायचा, आणि सगळ्यांचे मिळून एक आकडा निघायचा. बारावीचा वर्ग याच पद्धतीची छोटी प्रतिकृती उभी करू शकतो. फळ्यावर पाच वस्तूंचे तयार कोष्टक सोडवून विद्यार्थ्याला लासपेअरचे सूत्र, म्हणजे पायाभूत काळात घेतलेला माल तेवढाच धरून त्याचा आजचा खर्च काढणारे सूत्र, पाठ होते. पण भाव नेमका कुठला घ्यायचा, वस्तू तीच आहे हे कशावरून ठरवायचे, एखादे दुकान बंद असेल तर काय करायचे, हे प्रश्न त्या कोष्टकात येतच नाहीत. निर्देशांकाचे खरे शिक्षण तर या प्रश्नांतच आहे.

साठ विद्यार्थ्यांचा वर्ग धरू. पाच-पाच जणांचे बारा गट करावेत, आणि ते शक्यतो राहण्याच्या ठिकाणाप्रमाणे करावेत, म्हणजे प्रत्येक गटाचा बाजार वेगळा राहील. वस्तू बारा पुरेत: तांदूळ, गहू, ज्वारी, तूरडाळ, साखर, चहा पावडर, सोयाबीन तेल, दूध, कांदा, बटाटा, टोमॅटो आणि मेथी. पायाभूत आठवडा एक आणि पुढचे आठ, असे नऊ आठवडे. एकूण आकडे होतात १,२९६, पण एका विद्यार्थ्याच्या वाट्याला सगळे मिळून बावीसच्या आत येतात. म्हणजे अभ्यासाचा वेळ जातो ही तक्रार इथे टिकत नाही. पुस्तकात पायाभूत वर्ष असते आणि आपण पायाभूत आठवडा घेतो आहोत, हे मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. नाहीतर परीक्षेत व्याख्या लिहिताना गोंधळ होतो.

वस्तूचे नुसते नाव पुरत नाही. ‘तांदूळ’ म्हटले की एकजण कोलमचा भाव आणतो आणि दुसरा बासमतीचा. एकच गट पहिल्या आठवड्यात सुटी चहा पावडर लिहितो आणि तिसऱ्या आठवड्यात पुड्यातली. त्यामुळे प्रत्येक वस्तूची ओळख आधी ठरवून घ्यावी: कोलम तांदूळ, सुटा, १ किलो, किरकोळ दुकानातला, दूध गायीचे, पिशवीतले, १ लिटर. सगळ्या गटांचा तांदूळ एकाच जातीचा असलाच पाहिजे असे नाही. पण एका गटाने पहिल्या आठवड्यात जी जात धरली तीच शेवटपर्यंत धरावी. दुकानही तेच आणि वारही तोच. आठवडी बाजाराच्या दिवशीचा भाव आणि एरवीचा भाव यांत फरक पडतो, तो महागाई म्हणून मोजला जाऊ नये. मेथीची जुडी ही तर कायमची अडचण आहे, कारण जुडीचा भाव तोच राहतो आणि जुडी बारीक होत जाते. त्यासाठी पहिल्या आठवड्यात आणि मग दर तीन आठवड्यांनी जुडी वजन करून घ्यावी आणि भाव किलोवर आणावा. वीस रुपयांची जुडी ४०० ग्रॅमची असताना किलोचा भाव ५० रुपये होतो आणि ३२० ग्रॅमची झाली की ६२ रुपये ५० पैसे. एवढ्या एका उदाहरणावर वर्गात अर्धा तास चांगली चर्चा होऊ शकते.

आता साधनाकडे वळू. सगळ्यांना शीटची लिंक देऊन ‘भरा’ म्हणणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. साठ जण एका शीटमध्ये थेट लिहू लागले की कोणीतरी एकच रकाना निवडून तो चढत्या क्रमाने लावतो. भाव वर-खाली होतात, शेजारची दुकानांची नावे जागच्या जागी राहतात, आणि कोणाचा भाव कोणासमोर गेला हे लक्षातही येत नाही. म्हणून आकडे गूगल फॉर्ममधून घ्यावेत. फॉर्ममध्ये गट क्रमांक आणि आठवडा निवडायची यादी असावी आणि बारा वस्तूंचे बारा प्रश्न असावेत. प्रत्येक प्रश्नातच एकक लिहावे, जसे ‘कांदा, मध्यम आकार, १ किलोचा किरकोळ भाव, रुपयांत’. उत्तर संख्याच असले पाहिजे आणि ती ठरावीक मर्यादेत असली पाहिजे, अशी अट फॉर्मला लावता येते. ती जरूर लावावी, पण मर्यादा सैल ठेवावी. कांद्याला ५ ते २०० ठेवली तर नजरचुकीने पडलेले शून्य अडते आणि खरी भाववाढ अडत नाही.

फॉर्मची उत्तरे शीटमध्ये ज्या टॅबवर येतात त्या टॅबला कोणीही हात लावू नये, शिक्षकांनीही नाही. त्याच टॅबवर उजवीकडे सूत्रे लिहिण्याचा मोह होतो. पण नवे उत्तर आले की शीट तिथे नवी ओळ घालते, त्या ओळीत सूत्र नसते, आणि बेरजा गुपचूप अपुऱ्या राहतात. हिशेब नेहमी दुसऱ्या टॅबवर करावा, आणि उत्तरांचा टॅब संरक्षित करून ठेवावा. ही कामे फोनवर न करता संगणकावर बसून उरकावीत.

ज्यांना फॉर्म न वापरता थेट शीटच भरून घ्यायची आहे त्यांच्यासाठी काही खाचखळगे सांगतो. मराठी कळफलकावरून देवनागरी अंक टाकले की ते बहुधा मजकूर म्हणून घेतले जातात. ‘४५/-’ आणि ‘४५ रु.’ हेही मजकूरच ठरतात. बेरजेचे सूत्र मजकुराला चूक म्हणत नाही, त्याला सरळ वगळते. म्हणजे उत्तर येते, पण चुकीचे येते. ओळखण्याची सोपी खूण अशी की संख्या चौकटीत उजवीकडे सरकून बसते आणि मजकूर डावीकडे राहतो. पक्की तपासणी हवी असेल तर रकान्याखाली दोन सूत्रे टाकावीत, काउंट आणि काउंटए. पहिले फक्त संख्या मोजते, दुसरे भरलेल्या सगळ्या चौकटी मोजते. या दोहोंत जितका फरक तितक्या नोंदी बिघडलेल्या. अर्ध्या किलोसाठी इंग्रजी अंकांत ‘१/२’ असे टाकले तर शीट त्याची तारीख करते, म्हणून दशांश चिन्हाने ०.५ लिहायला सांगावे. तारखांचेही तसेच. फाइलच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका राहिला असेल तर ५ जुलैचा ७ मे होतो. नवी फाइल उघडली की आधी देश भारत करावा, मग बाकीचे.

बारा गटांचे बारा भाव आले की सरासरी काढण्याची घाई करू नये. पाच दुकानांतला बटाट्याचा भाव ३८, ४०, ४०, ४२ आणि चुकून ४०० असा आला, तर सरासरी ११२ येते आणि मध्यका, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला आकडा, ४० वरच राहते. मर्यादा सैल असली की अशी एखादी चूक आत शिरतेच, म्हणून वर्गाचा भाव मध्यकेने ठरवावा. पण मध्यकाही एका दोषातून वाचवत नाही, आणि हा दोष बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एका गटाच्या बाजारात टोमॅटो ३० रुपये आहे आणि दुसऱ्याच्या ४०. दोन्ही मिळून ३५. पुढच्या आठवड्यात पहिल्या गटाने फॉर्म भरलाच नाही. आता भाव दिसतो ४०, म्हणजे १४ टक्के वाढ, आणि प्रत्यक्षात कुठल्याही दुकानात एक पैसाही वाढलेला नाही. ही वाढ गैरहजेरीची आहे, बाजाराची नव्हे. उपाय असा की प्रत्येक गटाच्या भावाला आधी त्याच गटाच्या पायाभूत आठवड्यातल्या भावाने भागावे आणि मग या गुणोत्तरांची मध्यका काढावी. राष्ट्रीय पातळीवर निर्देशांक काढणाऱ्यांनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे, म्हणजे आपण खोटे-खोटे काही करत नाही हे त्यांना जाणवते.

एकके चुकली तर काय होते ते मात्र आम्ही मुद्दाम करून दाखवावे असे म्हणतो, कारण साध्या (नुसत्या भावांच्या) आणि भारित (किती माल घेतला तेही धरणाऱ्या) निर्देशांकातला फरक यापेक्षा चांगल्या रीतीने समजत नाही. समजावण्यासाठी घेतलेले हे आकडे पाहा. पायाभूत आठवड्यात तांदूळ ५०, तूरडाळ १४०, कांदा ३० आणि तेल १३०. चालू आठवड्यात तेच अनुक्रमे ५४, १५०, ४५ आणि १४३. साधी बेरीज ३५० वरून ३९२ वर गेली, म्हणजे साधा निर्देशांक ११२. आता एका गटाने कांद्याचा भाव दुकानातून न आणता वर्तमानपत्रातल्या बाजार समितीच्या रकान्यातून घेतला. तिथला भाव क्विंटलचा असतो. घाऊक-किरकोळचा फरक सोडून दिला तरी कांदा ३० ऐवजी ३,००० आणि ४५ ऐवजी ४,५०० झाला. बेरीज ३,३२० वरून ४,८४७ वर जाते आणि निर्देशांक येतो १४५.९९. भाव तेच, बाजार तोच, फक्त वजनाचे माप बदलले आणि महागाई १२ टक्क्यांची ४६ टक्के झाली.

याच चार वस्तू लासपेअरच्या पद्धतीने घ्या. महिन्याला तांदूळ ८ किलो, डाळ ३ किलो, कांदा ५ किलो आणि तेल ४ लिटर. पायाभूत खर्च १,४९० रुपये, तोच माल चालू भावाने १,६७९ रुपये, निर्देशांक ११२.६८. कांद्याचा भाव क्विंटलमध्ये घेतला आणि नगही (घेतलेल्या मालाचे प्रमाणही) क्विंटलमध्ये, म्हणजे ०.०५, लिहिले तर उत्तर तसूभरही बदलत नाही. पण भाव क्विंटलचा आणि नग ५ तसेच ठेवले तर निर्देशांक १४६.६० येतो. सूत्र बरोबर, बेरीज बरोबर, आणि उत्तर भलतेच. शेअर केलेल्या शीटवर हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडते. एक चौकट बदलली की खालचा आकडा उडी मारतो. कागदावर हेच दाखवायला चार वेळा गणित करावे लागते आणि तोवर तास संपतो. मग कांदा महागल्यामुळे घरोघर तो ५ ऐवजी ४ किलोच आणला असे धरून पाश्चेचा, म्हणजे चालू काळातले नग धरणारा, निर्देशांक काढावा. १,४६० वरून १,६३४, म्हणजे १११.९२. लासपेअर १८७१ चा आणि पाश्चे १८७४ चा. दोघांत तीन वर्षांचे अंतर आणि इथे पाऊण टक्क्याचा फरक. तो फरक कांद्याच्या त्या एका किलोतून आला हे विद्यार्थ्याला शीटवर बोट ठेवून दाखवता येते.

नगांची माहिती घेताना जपावे लागते. घरात महिन्याला किती तेल लागते हे विचारणे वेगळे आणि घराचे उत्पन्न विचारणे वेगळे. दुसरी गोष्ट करूच नये. नग घेतानाही नाव न घेता गट क्रमांकावर घ्यावेत आणि वर्गासमोर फक्त मध्यका ठेवावी. रेशनच्या धान्याचा प्रश्न इथे हमखास येतो. जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा योजनेतल्या शिधापत्रिकांवर धान्य मोफत मिळते. अशा घरातला विद्यार्थी तांदळाचा भाव शून्य लिहितो, आणि त्याचे काही चुकत नाही. पण पायाभूत आठवड्यात शून्य भाव आला की गुणोत्तर काढताना शून्याने भागाकार होतो आणि शीट चूक दाखवते. म्हणून सूचना आधीच द्यावी: भाव दुकानातला लिहायचा आणि नग फक्त विकत घेतलेल्या मालाचे लिहायचे. ही सूचना सगळ्या वर्गाला एकदमच द्यावी, कोणा एकाला बाजूला घेऊन नव्हे.

मिळालेल्या आकड्याला ‘महागाई’ म्हणून मिरवू नये, कारण आपल्या टोपलीत फक्त खाण्याच्या वस्तू आहेत. २०१२ च्या मालिकेत अन्न आणि पेये यांचा भार १०० पैकी एकूण ४५.८६ होता. ग्रामीण भागासाठी तो ५४.१८ आणि शहरी भागासाठी ३६.२९. हे तीन आकडे शीटच्या वरच्या ओळीत लिहून ठेवावेत. ज्या कॉलेजांत गावाकडून येणारी आणि शहरातली अशी दोन्ही मुले आहेत त्यांनी दोन वेगळ्या टोपल्यांचे दोन निर्देशांक काढावेत. त्याच भाववाढीचा भार कोणावर किती पडतो हे तिथे समोर दिसते.

फाइलच्या परवानग्या हा कंटाळवाणा भाग, पण तो चुकला की बाकी सगळे वाया जाते. परवानगी तीन प्रकारची असते: फक्त पाहण्याची, शेरा लिहिण्याची आणि बदल करण्याची. हिशेबाच्या टॅबवर प्रत्येक गटाला फक्त आपल्या ओळींपुरती बदलाची परवानगी द्यावी आणि बाकी पान बंद ठेवावे. ‘लिंक असलेला कोणीही बदल करू शकतो’ हा पर्याय कधीही निवडू नये. खाते न उघडता कोणी आत आले तर बदल कोणी केला हे इतिहासात कळत नाही. आवृत्तींचा इतिहास हे या साधनांचे सर्वांत मोठे बळ आहे. एखाद्या चौकटीवर उजवी कळ दाबून त्या एका चौकटीचा इतिहासही पाहता येतो. सगळा टॅब कोणी पुसला तरी कालची आवृत्ती परत आणता येते.

पण गुण देताना या इतिहासावर विसंबू नये. कोणी टंकले एवढेच तो सांगतो, भाव कोणी आणला हे सांगत नाही. पाच जणांच्या गटात एकाकडेच चांगला फोन असतो, आणि इतिहासात सगळे काम त्याच्या नावावर जमा होते. बाजारात तीन दुकाने हिंडून आलेल्या मुलीच्या नावावर शून्य. म्हणून भावांची कागदी चिठ्ठी राहिलीच पाहिजे. तारीख, दुकान कोणत्या भागात, वस्तू, भाव, लिहिणाऱ्याची सही. फॉर्म भरणारा दर आठवड्याला बदलावा. गुणांचा मोठा वाटा तोंडी प्रश्नांना द्यावा. ‘तुमच्या गटाचा तूरडाळीचा आकडा चौथ्या आठवड्यात का घसरला?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याने डाळ पाहिली आहे तोच देऊ शकतो. गाइडमधून उतरवलेले उत्तर दुसऱ्या वाक्यालाच अडखळते.

फोनच नसलेल्या विद्यार्थ्याचे काय, हा प्रश्न योग्यच आहे. याच चिठ्ठीमुळे तो प्रश्न सुटतो, कारण गटाला आठवड्यातून एकदा, पाच मिनिटांसाठी एकच फोन लागतो. तोही नसेल तर कॉलेजच्या संगणक कक्षातला एक संगणक पुरतो. अडचण इथे संगणकाची नसून वेळापत्रकाची असते. कला आणि वाणिज्य शाखेच्या वर्गांना अर्थशास्त्रासाठी संगणक कक्षाचे तास सहसा मिळत नाहीत. प्राचार्यांनी आठवड्याला एक तास दिला तर पुष्कळ होते.

विद्यार्थ्यांच्या माहितीबाबत आणखी एक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. बारावीतली बहुतेक मुले या व्याख्येत येतात. फॉर्ममध्ये मोबाइल क्रमांक, पत्ता, जन्मतारीख कशाला हवी? गट क्रमांक आणि हजेरी क्रमांक पुरतो. दुकानदाराचे नावही लिहू नये, ‘बाजारपेठेतले किराणा दुकान’ एवढे बास. आणि दर शनिवारी फाइलची एक प्रत उतरवून कॉलेजच्या संगणकावर ठेवावी. गूगलचा जॅमबोर्ड अनेक शाळांत वापरात होता, तो २०२४ च्या अखेरीस बंद झाला. फुकट मिळणारे साधन कधी बंद होईल हे आपल्या हातात नसते.

मागणीच्या धड्यातही शेअर केलेली शीट चांगली चालते, पण तिथे पद्धत उलटी ठेवावी लागते. वडापाव १० रुपयांना मिळाला तर आठवड्यात किती घ्याल, १५ ला किती, २० ला किती, असे विचारून बाजार मागणीपत्रक तयार होते. मात्र सगळ्यांनी एकाच शीटवर लिहिले तर पहिल्या चार-पाच जणांचे आकडे पाहून पुढचे तसेच लिहितात. इथे उत्तरे एकमेकांना न दिसता घ्यावीत आणि सगळी आल्यावर एकदमच उघडावीत.

आलेख काढताना आणखी एक फसगत होते. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर असते, आणि शीट पहिला रकाना आडव्या अक्षावर नेऊन बसवते. किंमत पहिल्या रकान्यात लिहिली की मागणीचा वक्र आडवा-उभा उलटून येतो, आणि घरंगळता असल्यामुळे चूक कोणाला दिसत नाही. म्हणून नगसंख्या आधी, किंमत नंतर, आणि रेषेचा आलेख न निवडता विखुरलेल्या बिंदूंचा आलेख निवडावा.

लवचिकतेसाठी, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते हे मोजण्यासाठी, दोन गटांना तेच दोन बिंदू देऊन पाहावे. १५ रुपयांना १२० वडापाव, २० रुपयांना ९०. किंमत वाढली असे धरणारा गट म्हणतो, मागणी २५ टक्के घटली, किंमत ३३.३ टक्के वाढली, लवचिकता ०.७५, म्हणजे मागणी कमी लवचिक. किंमत उतरली असे धरणारा गट म्हणतो, १.३३, म्हणजे जास्त लवचिक. दोन्ही गटांना शेऱ्यांच्या चौकटीत आपापला हिशेब मांडू द्यावा. मग कोणीतरी एकूण खर्च काढतो: १५ गुणिले १२० म्हणजे १,८००, आणि २० गुणिले ९० म्हणजेही १,८००. खर्च तोच राहिला, म्हणून एकूण खर्च पद्धतीने लवचिकता एक. तिन्ही उत्तरे पुस्तकातल्याच पद्धतींनी आली आहेत, आणि मधला बिंदू धरून टक्केवारी का काढतात हे त्या शेऱ्यांच्या ओळीत मुलांना आपोआप सापडते. फळ्यावर हा वाद होत नाही, कारण फळ्यावर उत्तर एकच लिहिलेले असते.

अकरावीच्या शिक्षकांना एक सावधगिरीची सूचना. विभाजन मूल्यांचा (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे समान भाग पाडणाऱ्या मूल्यांचा) धडा शीटवर करून घेताना ‘क्वार्टाइल’ हे सूत्र पुस्तकाशी जुळत नाही. ३०, ३२, ३५, ३८, ४०, ४२, ५० या सात आकड्यांचे पहिले चतुर्थक पुस्तकाच्या रीतीने, म्हणजे एकूण संख्येत एक मिळवून चारने भागून, दुसरे पद, ३२ येते. शीट दाखवते ३३.५. विद्यार्थी हाताने बरोबर सोडवतो आणि संगणक वेगळे सांगतो म्हणून खोडतो. ‘क्वार्टाइल’पुढे टिंब देऊन ‘ईएक्ससी’ जोडलेले सूत्र घेतले की ३२ च येते.

राज्य मंडळाला आमची विनंती एवढीच आहे की प्रकल्पाच्या सूचनांत गटाने मिळून केलेल्या आकडेवारीच्या प्रकल्पाला लेखी मान्यता द्यावी. हस्तलिखित वहीच हवी हा आग्रह आज अनेक ठिकाणी केवळ सवयीने चालतो, आणि तपासणीच्या वेळी अडचण नको म्हणून शिक्षकही तोच धरतात. चार पानांचा अहवाल, भावांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि शीटची छापील प्रत ही प्रकल्पवही मानली जावी. काम दिवाळीनंतर न काढता जुलैत सुरू करण्याची सूचनाही असावी. तसे झाले तर श्रावणातल्या उपवासांचा आणि गणपतीचा परिणाम त्या नऊ आठवड्यांत येतो, आणि शेंगदाणे, साबुदाणा, नारळ यांच्यापैकी एखादी वस्तू टोपलीत घालता येते.

आपल्या वर्तमानपत्राकडेही एक मागणे आहे. आपण बाजारभावांचा रकाना देता. विद्यार्थी आपल्या दुकानातला भाव त्याच्याशी ताडून पाहतात. त्या रकान्यात प्रत्येक भावापुढे माप, बाजार समितीचे नाव, भाव कोणत्या तारखेचा आणि त्या दिवशीची आवक, इतके चार तपशील छापले जावेत. पणन मंडळाच्या रोजच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. आपण त्यांतला कोणता छापता तेही लिहावे. लासलगावचा सर्वसाधारण दर आणि आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीचा भाव यांतले अंतर मोजायला बसलेल्या मुलांना ते लागते.

आपले,
ज्युनिअर कॉलेजांत अर्थशास्त्र शिकवणारे काही शिक्षक